गाडी डॉक्टरांची, सौदा वहिनींचा

"भाऊजी, ऐकलं का? यायनं गाडी काढायचं ठरवलं."

आमच्या चिखली रोडच्या कॉलनीत येळगावचं पाणी नळाला उशिरा येतं; बातमी त्याच्या आधी कंपाउंडवरून येते. भिंत कमरेएवढी. पलीकडे डॉक्टर आणि वहिनी, अलीकडे मी, कॉलेजातून निवृत्त झालेला, म्हणजे ऐकायला मोकळा. आणि ही बातमी काही लहान नव्हती. डॉक्टरांची गाडी म्हणजे पांढरी जर्मन सेडान, डिझेल, २०१६ ची. पुढचं चिन्ह शाळेतली पोरंसुद्धा लांबून ओळखतात. नऊ वर्षांत जेमतेम बासष्ट हजार किलोमीटर. रोज सकाळी कव्हर काढायचं, मऊ फडक्यानं धूळ टिपायची (पुसायची नाही, टिपायची, यावर कंपाउंडरला व्याख्यान असे), दुपारी ऊन सरकलं की गाडी कडुनिंबाखाली सरकवायची. सर्व्हिसची एकूण एक पावती फाईलीत, आणि टायरची वेगळी वही.

"काहून हो वहिनी? एवढी जपलेली गाडी!"

"गुडघे," वहिनी म्हणाल्या. "बसताना माणूस बसते. उठताना मले हात द्या लागते. दवाखान्यापुढे पेशंट पाहतात ना, डॉक्टरलेच उठता येऊन नाही राह्यलं. हाडाचे डॉक्टर असते तं दुकान बंद करा लागलं असतं."

सेडानचं हे दुखणं जाहिरातीत कोणी सांगत नाही. उंच गाडीत माणूस चढतो आणि उतरतो. सेडानमध्ये आधी उतरतो आणि मग चढतो. चाळिशीत फरक कळत नाही. त्यात आपल्याकडचे गतिरोधक. कोणत्या गावच्या गतिरोधकाला गाडीचं पोट घासतं याची डॉक्टरांकडे तोंडपाठ यादी होती, आणि तिथं ते बायकोला उतरवून रिकामी गाडी पुढं काढत. वहिनींनी या गाडीच्या मागं चालत बराच जिल्हा पाहिला आहे.

या जर्मन गाडीचं खूळ डॉक्टरांच्या डोक्यात शिरलं २०१० च्या ऑक्टोबरात. तेव्हा औरंगाबादेत (नाव तेव्हा तेच होतं) लोकांनी गट करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. साधारण ६५ कोटींची खरेदी. स्टेट बँकेनं ४० कोटींच्या वर कर्ज दिलं, ७ टक्क्यांनी. पेपरांत फोटो, सत्कार, मराठवाडा मागास कोण म्हणतो वगैरे. त्याच डिसेंबरात पी. साईनाथांनी 'द हिंदू'त लिहिलं की ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र १२ टक्के मोजावे लागतात. आमच्या वऱ्हाडात हे वाचून कोणाला धक्का बसला नाही, पण राग आला. डॉक्टरांनाही आला. मात्र रागाच्या खाली एक इच्छा रुतून बसली ती बसलीच, आणि सहा वर्षांनी दारात आली.

"त्या दीडशे गाड्यायले आता पंधरा वर्षं झाले असतील," वहिनींनी हिशेब केला. "पंधरा झाले की पासिंग पुन्हा करा लागते. कोणाच्या मळ्यात त्यायच्यावर कोंबड्या बसत असतील आता."

मळ्याचं माहीत नाही, पण पंधरा वर्षांचं खरं आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, वर पर्यावरण कर. म्हणून शहाणा माणूस महागडी गाडी नवव्या-दहाव्या वर्षी काढतो. घेणाऱ्याला चार-पाच वर्षं निवांत मिळतात, विकणाऱ्याला थोडा भाव. वहिनींना हे कोणी शिकवलं नव्हतं. गुडघे निमित्त झाले, एवढंच.

गाडी काढायची तर गिऱ्हाईक पाहिजे, आणि खरी पंचाईत तिथंच. बुलढाण्यात महागड्या गाड्या नाहीत असं नाही. ठेकेदार आहेत, प्लॉटवाले आहेत, पुढारी तर वॉर्डागणिक आहेत. पण सगळ्यांना उंच गाडी हवी. पुढारी सेडानमधून उतरला तर मागच्या रांगेला दिसत नाही, आणि न दिसणारा पुढारी काय कामाचा? पुन्हा लग्नाच्या वराती, बांधावरची भेट, मुरमाचा रस्ता. समृद्धी महामार्ग झाला तेव्हा वाटलं होतं, आता सेडानचे दिवस येतील. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी उघडला, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही झाला. ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा. असल्या रस्त्यावर ही गाडी पाणी हलू न देता जाते, हे मी मागच्या सीटवर बसून पाहिलं आहे. पण समृद्धी जातो मेहकर, लोणार, सिंदखेडराजाकडून. बुलढाण्याहून मेहकर गाठेपर्यंतचे गतिरोधक कोण मोजणार?

जाहिरात वहिनींनीच लिहिली. डॉक्टरांनी लिहिलेल्या मसुद्यात 'पोटच्या पोरासारखी सांभाळलेली' असं होतं. वहिनींनी ते खोडलं. "पोटच्या पोराले कोणी विकत नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली लिहिलं: एक मालक, दोन चाव्या, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या, एमएच २८, कर्ज नील.

ते 'कर्ज नील' पुढं चांगलंच महागात पडणार होतं, पण त्याकडे येतोच.

पहिला फोन आला तो लग्नाला गाडी भाड्यानं देता का विचारायला. दुसऱ्यानं 'लास्ट किती' एवढंच विचारून ठेवला. तिसरा बुऱ्हाणपूरचा, चौकशी करणारा, गोड बोलणारा, पण राज्य वेगळं. म्हणजे आधी नमुना २८ चा ना-हरकत दाखला, मग तिकडचा कर, तिकडचा नंबर, आणि तोवर कागदोपत्री मालक डॉक्टरच. वहिनींनी नम्रपणे चहापुरतं बोलून सोडून दिलं. चौथ्यानं मोबाईलवर फोटो दाखवला: हेच मॉडेल, दिल्लीचं, नऊ लाख.

"मग आणा ना भाऊ ती," वहिनी म्हणाल्या. "तिकडून एनओसी आणा, इकडे टॅक्स भरा, अन् मग सांगा कितीले पडली."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची वेस पडली होती. हरित लवादानं २०१५ मध्ये ती घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम केली. अलीकडे त्यावर पुन्हा न्यायालयात वाद झाले. पण त्या भीतीनं तिकडच्या चांगल्या गाड्या पाण्याच्या भावानं बाहेर पडतात आणि इथल्या माणसाचा भाव पाडतात. पुद्दुचेरीच्या पीवाय नंबरच्या गाड्यांचंही तसंच. तिकडं कर कमी म्हणून पत्ता तिकडचा दाखवायचा, गाडी फिरणार भलतीकडेच. घेणाऱ्याला नऊ लाख दिसतात. पुढचा कर, दाखला, चकरा नंतर दिसतात.

पाचवा म्हणाला, "विचार पक्का आहे काकू, पण आखाजीले भेंडवळची मांडणी ऐकू द्या, मग बोलू." भेंडवळ जळगाव जामोद तालुक्यातलं. अक्षय तृतीयेला तिथं घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. सोयाबीन-कापूसवाले कान देऊन ऐकतात. हा माणूस बोलत होता तेव्हा दिवाळीचे आकाशकंदीलसुद्धा उतरले नव्हते.

"भाऊजी, नाही म्हणायचा हा किती सभ्य प्रकार आहे पाहा," वहिनींनी दाद दिली.

भावाचं आता सांगतो, कारण कॉलनीत यावर वेगवेगळे आकडे फिरतात. डॉक्टरांचा हिशेब असा: घेतली तेव्हा कितीला पडली, त्यातून थोडे वजा, त्यात जपणुकीचे मिळवा. ते बावीस लाखांच्या खाली यायला तयार नव्हते. वहिनींनी उलटीकडून हिशेब केला. संभाजीनगरच्या जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं किती दिले असते? बारा. तो विकणार कितीला? सोळाला. म्हणजे आपला भाव या दोन्हीच्या मधे कुठंतरी. व्यापाऱ्याचा नफा घेणारा आणि आपण वाटून घेऊ. मी तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, पण खाजगी विक्रीचं एवढं स्वच्छ कारण मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर रुसले. "एवढी जपली त्याचं काहीच नाही?"

"आहे ना," वहिनी म्हणाल्या, "म्हणून तं लोक पाहाले येऊन राह्यले."

कडू आहे, पण खरं आहे. जपलेल्या गाडीला जास्त भाव मिळत नाही, लवकर गिऱ्हाईक मिळतं. महागड्या सेडानची किंमत तिच्या चकाकीवर ठरत नाही. घेणाऱ्याच्या मनातल्या धास्तीवर ठरते: गिअरबॉक्स गेला तर? सस्पेन्शन बसलं तर? कंपनीचं वर्कशॉप संभाजीनगरला, नाहीतर नागपूरला. गाडी जुनी झाली तरी सुट्या भागांचे भाव नव्या गाडीचेच राहतात. पंचेचाळीस लाखांच्या गाडीचा हेडलाइट चौदा लाखांच्या गाडीत बसवला म्हणून स्वस्त होत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी उपकर धरून ४८ ते ५० टक्क्यांपर्यंत जाई, तो सरळ ४० वर आला. नव्या गाड्या उतरल्या की जुन्या आपोआप उतरतात. येणारा प्रत्येक जण हा मुद्दा घोकूनच येत होता.

एक जण तर त्याच्या पुढं गेला. "काकू, तुम्हाले वरून १८ टक्के जीएसटी भरा लागते. जुन्या गाडीवर लागला ना आता." ही अफवा डिसेंबर २०२४ पासून फिरते आहे. जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, त्यात जुन्या गाड्यांच्या विक्रीवर १८ टक्के ठरले, आणि व्हॉट्सॲपवर असं पसरलं की तोट्यात विकली तरी सरकारला भरायचे. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला, तोही त्याच्या नफ्यावर. घरच्या माणसानं घरची गाडी विकली तर एक रुपया नाही. मी हे भिंतीवरून मोठ्यानं सांगितलं. तो माणूस माझ्याकडे असा पाहू लागला की याचं इथं काय काम? बरोबर आहे, काही नव्हतं. पण गप्प बसणं जमलं नाही.

गाडी पाहणाऱ्यांचे प्रकार सांगावेत तर दिवस जाईल. एक नुसता फोटो काढायला आलेला. त्यानं दार उघडून, पाय बाहेर टाकून, चष्मा लावून काढून घेतला. एक दलाल म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझ्या हातात द्या. पॉलिश, कोटिंग, सीटले नवे कव्हर, पोळ्याच्या बैलावानी सजवून देतो." डॉक्टर तिथंच उखडले, आणि माझ्या मते योग्यच उखडले. खरं गिऱ्हाईक चकाकीला बिचकतं. ते म्हणतं, झाकलं काय?

खरा पाहणारा आला तो खामगावच्या व्यापाऱ्याबरोबरचा मिस्त्री. भल्या सकाळी, सांगून. आल्याआल्या त्यानं बोनेटवर हात ठेवला, इंजिन गार आहे की आधीच तापवून ठेवलंय ते पाहायला. गार इंजिन चालू केलं, धुराचा रंग पाहिला, मग ऑइलचं झाकण उघडून तिथून किती फुंकर येते ते पाहिलं. बोनेटच्या आणि दारांच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत का, म्हणजे कधी उघडून बसवलीत का. चारही टायरवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटी गालिचा उचलून खाली नाक नेलं. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तिथं वास राहतो म्हणे. बिचारे डॉक्टर शेजारी उभे होते. दवाखान्यात रोज ते दुसऱ्यांना जीभ दाखवायला सांगतात. त्या दिवशी त्यांचीच पाळी होती.

"मीटरचं काय?" व्यापाऱ्यानं विचारलं. कारण मीटर मागं फिरवणारेही आहेत.

वहिनींनी फाईल पुढं केली. दर सर्व्हिसच्या पावतीवर त्या दिवशीचं रीडिंग असतं. २०१६ पासून सलग. मिस्त्रीनं तीन पानं उलटली आणि फाईल मिटली. पुढं त्यानं काही विचारलं नाही. डॉक्टरांच्या नऊ वर्षांच्या टापटिपीला कोणी मान दिला असेल तर त्या मिस्त्रीनं.

मग चक्कर. व्यापाऱ्याला राजूर घाटात चालवून पाहायची होती. मोताळ्याकडे उतरणारी ती वळणं म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींची परीक्षा, मागणी रास्तच होती. पण वहिनींचे नियम होते: आधी लायसन्सचा फोटो, डॉक्टर बाजूच्या सीटवर, दुसरी चावी घरी, आणि घाट उतरायचा तेवढाच चढायचा. "गाडी पाहाले नेतो अन् येतो, असं म्हणून गेलेला माणूस मी पाह्यला आहे," त्या म्हणाल्या. कोण ते सांगितलं नाही. मी विचारलंही होतं.

परत आल्यावर व्यापारी पंधराला आला, वहिनी सोळावर, डॉक्टर घरात. साडेपंधराला हात मिळाला. म्हटलं चला, मिटलं. तेवढ्यात व्यापारी म्हणाला, "सहा नगदी देतो, बाकी बँकेतून."

वहिनी नाही म्हणाल्या. व्यापाऱ्याला वाटलं, भाव वाढवायचा डाव आहे. तसं नव्हतं. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेता येत नाही, आणि घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला. म्हणजे सहा घेऊन सहा भरायचे. देणाऱ्याचं या कलमाखाली काही जात नाही, म्हणून तो उदार असतो. तुकडे करून तीन दिवसांनी दिले तरी व्यवहार एकच. शेवटी सगळे पैसे खात्यावर ठरले आणि व्यापाऱ्यानं त्यासाठी आणखी पंचवीस हजार पाडून घेतले. पन्नास हजार इसार दिला, वहिनींनी वहीतल्या कागदावर इसारपावती लिहून दिली. बाकी रक्कम किती दिवसांत, ती आली नाही तर इसाराचं काय, सगळं त्यात.

आणि इथं ते 'कर्ज नील' समोर आलं.

गाडीवरचं कर्ज डॉक्टरांनी २०२१ मध्येच फेडलं होतं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी कॉलनीत पेढे वाटले होते, मी खाल्लेत. पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. हप्ते संपले की बोजा आपोआप उतरतो अशी आपली समजूत, उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन तो आरटीओत जाऊन उतरवावा लागतो. डॉक्टरांना पत्र मिळालं होतं, त्यांनी ते जपून ठेवलं होतं, फाईलीतच, प्लॅस्टिकमध्ये. पण त्या पत्राला मुदत असते, आणि ती केव्हाच सरली होती. नवं पत्र काढायला शाखेत गेले तर शाखेत माणसं नवी, खातं जुनं, आणि बंद झालेलं खातं उघडून दाखवणारा साहेब दौऱ्यावर. व्यापारी फोन करून राहिला. इसाराची मुदत पुढं ढकलावी लागली. डॉक्टर म्हणाले, राहू दे, विकतच नाही. वहिनी म्हणाल्या, मग गुडघे विका.

त्यात नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ती उच्च सुरक्षेची पाटी सक्तीची झाली, मुदती वाढत वाढत गेल्या, आणि डॉक्टर प्रत्येक वाढीला "बरं झालं" म्हणत राहिले. पाटी नसेल तर नावबदलाचं काम आरटीओ पुढं सरकवत नाही. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. एवढ्यासाठी सव्वापंधरा लाखांचा सौदा अडला होता. डॉक्टरांनी नवी पाटी बसवून आणली आणि तिचीही धूळ टिपली.

मधल्या काळात व्यापाऱ्यानं एक सोपी वाट सुचवली. "साहेब, गाडी नेतो, पैसे पूर्ण घ्या, स्टँपवर लिहून घेऊ. नाव होईल सावकाश." डॉक्टर जवळजवळ हो म्हणाले होते. स्टँपवर लिहिलं की झालं, असं आपल्याकडे अजून वाटतं. शंभराचा स्टँप तर ऑक्टोबर २०२४ पासून गेलाच, आता कमीत कमी पाचशेचा. पण पाच हजारांचा असला तरी आरटीओच्या दप्तरातलं नाव त्यानं बदलत नाही.

आता माझी पाळी होती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ फेब्रुवारी २०१८ चा. एका माणसानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढं हातोहात गेली, पण नाव कोणीच बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात जीव गेला. गाडी कोणाच्या ताब्यात होती, कोणी किती वेळा विकली, हे कोर्टानं ऐकलं आणि सांगितलं: दप्तरात ज्याचं नाव तो मालक, भरपाई त्यानं द्यायची. मी हे भिंतीवरून सांगितलं तेव्हा व्यापारीही ऐकत होता. त्याला राग आला नाही. त्यानं विचारलं, "म्हणजे मी पुढं विकली तं मलेबी हेच करा लागन?" त्यानंतर 'सावकाश' हा शब्द कोणी काढला नाही.

खामगाव याच जिल्ह्यातलं, नंबर एमएच २८ चाच, त्यामुळे बाहेरच्या दाखल्यांची भानगड नव्हती. नमुना २९ विकणाऱ्यानं कळवायचा, नमुना ३० घेणाऱ्यानं भरायचा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. वहिनींनी चौदाची वाट पाहिली नाही. पैसे खात्यात आले त्याच दिवशी दोघांच्या सह्या, दोघांचे फोटो, आणि ज्या मिनिटाला चावी दिली ते घड्याळातलं मिनिट लिहिलेली पोचपावती. त्या मिनिटानंतर समृद्धीवर कोणी १६० नं पळवली तरी दंड कोणाचा, हे कागदावर राहावं म्हणून. डॉक्टरांच्या मोबाईलवरचा जुना ई-चलानचा हिशेब वहिनींनी आधीच भरून टाकला होता. त्यात एक चलान सिग्नल तोडल्याचं निघालं. डॉक्टर आजही म्हणतात तो पिवळा होता.

फास्टॅग बंद केला. हे लोक विसरतात आणि मग दुसऱ्याच्या शिर्डी-शेगावच्या वाऱ्यांचा टोल आपल्या खात्यातून जातो. विम्याचं मात्र वेगळं आहे. अपघातातल्या तिऱ्हाइताला भरपाई देणारा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, तरी त्यानं चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायची; नाहीतर गाडीच्या नुकसानीला कंपनी हात वर करते. आणि नो क्लेम बोनस माणसाचा, गाडीचा नाही. डॉक्टरांनी नऊ वर्षांत एकही दावा केला नव्हता, म्हणजे ५० टक्के सूट साठलेली. ती कंपनीच्या पत्रावर काढून घेतली की तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावता येते. व्यापारी म्हणत होता, बोनस माझ्याकडेच राहू द्या. वहिनी हसल्या फक्त. तो समजला.

शनिवारी लोखंड घरी न्यायचं नाही म्हणून गाडी रविवारी गेली. व्यापारी ती तशीच शेगावला घेऊन गेला, हार घालून. डॉक्टर दवाखान्यात होते, रविवार असून.

आता त्यांच्या दारात उंच गाडी आहे. वहिनी पुढं बसतात, डॉक्टर स्वतःचे स्वतः चढतात. तिला कव्हर नाही, टिपणं नाही, धूळ पाइपानं उडवली जाते. साडेपंधरातले पंचवीस हजार गेले ते वहिनी अजून बोलतात; पुढं ढकललेल्या मुदतीपायी झालेली घालमेल आणि बँकेच्या चकरा त्यांच्या हिशेबात आणखी महाग. यात गाडीचा दोष शून्य. सगळा खोळंबा एका न उतरवलेल्या बोजाचा.

तेव्हा ज्यांचं गाडीचं कर्ज फिटून पेढे वाटून झालेत त्यांनी परिवहनच्या साइटवर आपला नंबर टाकून बघा. बँकेचं नाव अजून दिसत असेल तर पत्राची मुदत सरण्याआधी नमुना ३५ घेऊन आरटीओत जाऊन या, गाडी विकायची असो वा नसो.